कोटाचे खिसे

मी क्लबचे कपडे धुते. बावीस वर्षं झाली.
गवताचा डाग व्हिनेगरने जातो,
रक्ताचा गार पाण्याने, लगेच धुतलं तर.
नदीकाठची तांबडी माती मात्र
जात नाही. फिकी होत राहते.

तो आला तेव्हा गावाने बँड लावला होता.
विल्मार एचेगोशेन!
एक्केचाळीस वेळा अंगावर उरुग्वेचा निळा शर्ट,
आणि पाराग्वेविरुद्ध
गोलरेषेवरून हनुवटीने काढलेला तो चेंडू.
न्हाव्याच्या दुकानात फोटो आहे अजून,
तोंड वाकडं, डोळे मिटलेले.
सगळे टाळ्या वाजवत होते,
मी विचार करत होते,
त्या दिवशीचा शर्ट कुणी धुतला असेल?

आता तो मॅनेजर. दुसऱ्या डिव्हिजनचा,
तेही शेवटून तिसऱ्या क्लबचा.
मांसाचा कारखाना बंद पडला तेव्हापासून
या गावाकडे हरायला
फुटबॉल तेवढा उरलाय.

सुरुवातीला तो पोरांबरोबर धावायला गेला.
उजवा गुडघा म्हणाला, बास.
मग तो बोलून शिकवू लागला,
"चेंडू येण्याआधी तिथे असायचं."
"पण कळणार कसं?" पोरं विचारायची.
तो तोंड उघडायचा, मिटायचा.
पायाला जे ठाऊक होतं
ते जिभेपर्यंत कधी चढलंच नव्हतं.

सोमवारी त्याचा कोट माझ्याकडे येतो.
ना गवत, ना माती,
तरी सगळ्या ढिगात तोच जड.
खिसे उलटे करणं माझं कामच आहे.
चावलेल्या काड्या, पोटाच्या गोळ्या,
बसच्या डिझेलची पावती, स्वतः भरलेली,
आणि अकरा-अकरा नावांच्या चिठ्ठ्या.
मे महिन्यात प्रत्येक चिठ्ठीवर
एकच नाव खोडलेलं, पुन्हा लिहिलेलं,
पुन्हा खोडलेलं, कागदाला भोक पडेस्तोवर:
रेबोयेदो.
कप्तान. छत्तीस वर्षांचा. ट्रॅक्टर दुरुस्त करतो.

एकदा कपडे वाळायची वाट बघत
विल्मार स्टुलावर बसला होता. आपणहून म्हणाला,
"मला काढलं ना, तेव्हा हॉटेलच्या दाराखालून
यादी आत सरकवली होती.
मी ती उलटून बघितली,
म्हटलं, नाव मागे असेल."

गुरुवारी तो गॅरेजात गेला.
रेबोयेदोच्या बायकोने, नोएमीने, सांगितलं मला.
तासभर बसला. येर्बाचा भोपळा तीनदा भरला,
पाल्याची चव गेली तरी ओढत राहिला.
गुरांच्या भावाबद्दल बोलला.
पुलाबद्दल बोलला.
रेबोयेदो ट्रॅक्टरखाली आडवा.
हात बाहेर काढून म्हणाला, तेरा नंबरचा पाना द्या.
याने दिला.
बराच वेळ नुसता लोखंडाचा आवाज.
मग खालूनच, पाना परत करता करता,
"त्या पोराला सांगा, आपल्या मैदानावर
दुसऱ्या हाफात वारा नदीकडून येतो.
उंच चेंडू उड्या मारू देऊ नकोस म्हणावं."
नोएमी म्हणाली, चेहरा दिसत नव्हता
ते बरंच झालं,
दोघांचेही.

रविवारी आम्ही दोन-शून्य हरलो.
पोराने एक उंच चेंडू उडी मारू दिलाच.

आज सोमवार.
दहा शर्ट नेहमीसारखे,
पोराचा तर पाठीपर्यंत तांबडा.
कप्तानाचा आला तो घडी न मोडलेला,
त्याला वास माझ्याच साबणाचा.
तरी धुतला. बाकीच्यांबरोबर दोरीवर हवा.

कोटाच्या खिशात यावेळी चिठ्ठी नव्हती.
पाना होता, तेरा नंबरचा.
विसरून आणला, की ठेवून घेतला,
मी विचारणार नाही.
पुसून कोरडा केला,
शिवणयंत्राचं दोन थेंब तेल लावलं,
आणि कोट वाळल्यावर
होता त्याच खिशात ठेवला.